चोर कोण? टेप करणारा, विकणारा की कपाटात कोंडणारा?

"बूटलेग म्हणजे चोरी. विषय संपला."

डिलनचं, लेड झेपेलिनचं किंवा ग्रेटफुल डेडचं एखादं जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग कोणी शेअर केलं की पाच मिनिटांत हे वाक्य खाली येऊन पडतंच. लिहिणारा स्वतः सिनेमे कुठून उतरवून बघतो हे विचारायचं नाही. कायद्याची आठवण फक्त दुसऱ्यासाठी असते.

पण विषय संपलेला नाही. थोडं लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी शब्द नीट समजून घेऊ. बूटलेग हा मूळचा दारूच्या धंद्यातला शब्द. बुटाच्या नळीत बाटली लपवून नेणारा तो बूटलेगर. आपल्याकडे हातभट्टी म्हणतो, त्याच घराण्यातलं प्रकरण. संगीतात मात्र अर्थ थोडा बदलतो. बाजारात असलेल्या अल्बमची नक्कल करून फुटपाथवर विकणं ही पायरसी. त्यात कंपनीचा गल्ला बुडतो, कलाकाराचाही बुडतो. तिचं समर्थन इथे कोणी करत नाहीये. बूटलेग म्हणजे कंपनीने कधी बाजारात आणलंच नाही असं रेकॉर्डिंग. कोटात माइक लपवून टेप केलेला कार्यक्रम, रेडिओवरून घरी पकडलेलं गाणं, साउंडबोर्डवरून निघालेली टेप, स्टुडिओतून बाहेर झिरपलेला एखादा तुकडा. दुकानात जाऊन विकत घ्यायचं म्हटलं तरी मिळणार नाही, असा माल.

या साखळीत तीन वेगळी माणसं असतात. एक टेप करणारा. दुसरा विकणारा. तिसरा जमवून दडवणारा. आपण तिघांना एकाच पिंजऱ्यात उभं करतो आणि मोकळे होतो. माझं म्हणणं एवढंच आहे: पहिल्याचे आभार माना, दुसऱ्याला पकडा आणि तिसऱ्याला जाब विचारा. कारण आज सगळ्यात जास्त नुकसान हा तिसरा करतोय, आणि त्याला कोणी काही बोलत नाही.

"जपायचं काम कंपन्यांचं आहे, प्रेक्षकांनी कशाला नाक खुपसायचं?" असं म्हणणाऱ्यांसाठी तीन गोष्टी.

पहिली. जानेवारी १९६३ मध्ये बीबीसीने 'मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट' नावाचं नाटक दाखवलं. त्यात २१ वर्षांचा बॉब डिलन गायला होता. इंग्लंडात तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखतही नव्हतं. १९६८ साली बीबीसीने ते रेकॉर्डिंग नष्ट केलं. दुष्टपणा म्हणून नाही, तेव्हा असल्या गोष्टी सांभाळायची पद्धतच नव्हती. पुढे डिलन कोण आहे हे जगाला कळल्यावर शोधाशोध झाली. चित्र गेलं ते गेलंच. काही गाण्यांचा आवाज तेवढा उरला, आणि तो उरला घरातल्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या लोकांमुळे.

दुसरी. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिथल्या गोदामात युनिव्हर्सल म्युझिकच्या मूळ मास्टर टेपा होत्या. नेमकं किती जळालं यावर आजही वाद आहे. वृत्तपत्रांचा आकडा प्रचंड, कंपनीने मान्य केलेला खूपच कमी. पण मूळ टेपा जळाल्या यात वाद नाही. आणि हे प्रकरण लोकांसमोर पूर्णपणे यायला २०१९ उजाडलं. ११ वर्षं! ज्यांच्या गाण्यांच्या टेपा तिथे होत्या अशा कितीतरी कलाकारांना हे वर्तमानपत्रातून कळलं. रखवालदार म्हणावं तर असा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. युरोपियन युनियनने २०११ साली रेकॉर्डिंगचा हक्क ५० वरून ७० वर्षांवर नेला. अट अशी की रेकॉर्डिंग पहिल्या ५० वर्षांत प्रकाशित झालेलं पाहिजे. नाहीतर हक्क गेला. मग २०१२ च्या शेवटी डिलनच्या कंपनीने काय केलं? १९६२ सालची न प्रकाशित झालेली गाणी चार सीडींवर भरली आणि युरोपात साधारण १०० प्रती काढल्या. शंभर! संचाच्या नावातच 'कॉपीराइट एक्स्टेन्शन' हे शब्द होते, म्हणजे लपवाछपवीसुद्धा नाही. ऐकणाऱ्याला मिळावं म्हणून हे काढलं नव्हतं, कायद्याच्या वहीत 'प्रकाशित' अशी नोंद व्हावी म्हणून काढलं होतं. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून पडीक जमिनीत चार काकऱ्या नांगरून ठेवतात ना, तसं.

आणि हेच लोक आपल्याला नीतिमत्ता शिकवणार.

आता पुढची गंमत बघा. १९६९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये एक डबल रेकॉर्ड बाजारात आली. कोरं पांढरं कव्हर, वर काही नाव नाही. लोकांनी तिला 'ग्रेट व्हाइट वंडर' म्हटलं. रॉकमधलं पहिलं गाजलेलं बूटलेग ते हेच. त्यात १९६१ साली मिनिआपोलिसमध्ये टेप केलेली डिलनची गाणी होती आणि १९६७ मध्ये त्याने आपल्या साथीदारांबरोबर घरगुती पद्धतीने रेकॉर्ड केलेली काही. कंपनी संतापली, ते साहजिकच होतं. पण १९७५ मध्ये त्याच कंपनीने 'द बेसमेंट टेप्स' काढलं. १९९१ पासून 'द बूटलेग सिरीज' याच नावाने एकामागून एक संच काढायला घेतले. ज्या शब्दावरून कोर्टकचेऱ्या, तोच शब्द ब्रँड म्हणून डब्यावर!

१७ मे १९६६ ची मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली मैफल घ्या. डिलनने गिटार विजेवर नेली म्हणून प्रेक्षकांतून कोणीतरी 'जुडास' असं ओरडलं होतं, ती. ती वर्षानुवर्षं बूटलेगवर फिरली, तीसुद्धा 'रॉयल अल्बर्ट हॉल' अशा चुकीच्या नावाने. अधिकृतपणे ती आली १९९८ मध्ये. ३२ वर्षांनी. रॉकच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग तीन दशकं जिवंत ठेवला कोणी? आणि २०१६ मध्ये १९६६ च्या सगळ्या मैफलींचा ३६ सीडींचा संच निघाला, त्यात तर प्रेक्षकांतून केलेली काही रेकॉर्डिंगंसुद्धा आहेत. म्हणजे त्या दिवशी खुर्चीत बसून टेप करणारा चोर होता, आणि ५० वर्षांनी तीच टेप कंपनीने विकली तर तो वारसा झाला.

लेड झेपेलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट टेप करणाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागायचा. व्हँकुव्हरमध्ये तर त्याने एका माणसाचं यंत्र रागाने फोडलं, आणि नंतर कळलं की तो बिचारा आवाजाची पातळी मोजायला आलेला सरकारी माणूस होता! पण २००३ मध्ये झेपेलिनची अधिकृत डीव्हीडी निघाली, तेव्हा तीत प्रेक्षकांनी छोट्या कॅमेऱ्यावर काढलेली फिल्मसुद्धा वापरली गेली.

आता समोरच्या बाजूचा खरा मुद्दा. तो टाळून चालणार नाही.

"कलाकाराची परवानगी नव्हती." हा आक्षेप कंपनीच्या आक्षेपापेक्षा खूप वजनदार आहे. कलाकाराला वाटू शकतं की आजचं गाणं आजच्या हॉलमधल्या लोकांपुरतं होतं. आवाज बसलेला असेल, सूर हलला असेल, ते कायमचं का उरावं? किंग क्रिमझनचा रॉबर्ट फ्रिप आयुष्यभर हेच सांगत आलाय की मैफलीत चोरून टेप करणं म्हणजे वादक आणि श्रोता यांच्यातला विश्वास मोडणं. मला हा माणूस पटतो. तो गल्ल्यासाठी भांडत नाहीये.

पण फ्रिपने पुढे काय केलं तेही बघा. २३ नोव्हेंबर १९७३ ची ॲमस्टरडॅमची मैफल रेडिओवर वाजली होती आणि बूटलेगवर वर्षानुवर्षं फिरत होती. १९९७ मध्ये त्याने ती स्वतः, नीट करून, 'द नाइट वॉच' या नावाने काढली. नंतर स्वतःच्या संस्थेतर्फे जुन्या मैफलींचा ढीगच श्रोत्यांसाठी खुला केला. त्याने तक्रार केली, पण लोकांना मैफली ऐकायच्या आहेत ही गोष्ट नाकारली नाही. ऐकणाऱ्याची भूक खोटी नसते. तिला जेवू कोण घालणार एवढाच प्रश्न असतो.

याचं सगळ्यात शहाणं उत्तर ग्रेटफुल डेडने दिलं. १९६५ ते १९९५ या ३० वर्षांत त्यांनी साधारण २,३०० कार्यक्रम केले. लोक टेप करायचेच. माइकच्या काठ्या इतक्या वाढल्या की मागच्यांना स्टेज दिसेना. ऑक्टोबर १९८४ मध्ये त्यांनी टेप करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं आणि वेगळी जागाच ठेवली. नियम एकच: टेप करा, वाटा, पण विकायची नाही. मग काय झालं, बुडाले का? उलट शेवटच्या काही वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणाऱ्या दौऱ्यांत त्यांचं नाव असायचं. टेप ऐकून माणूस घरी बसला नाही, पुढच्या कार्यक्रमाचं तिकीट काढायला धावला.

गंमत म्हणजे अमेरिकेचा फौजदारी कायदासुद्धा साधारण हीच रेघ ओढतो. १९९४ च्या तरतुदीनुसार परवानगीशिवाय लाइव्ह रेकॉर्डिंग केलं तर कलाकार दिवाणी दावा लावू शकतो. पण तुरुंगात जाण्यासारखा गुन्हा होतो तो धंद्यासाठी, पैशासाठी केलं तर. म्हणजे टेप करणं आणि विकणं यात फरक आहे, हे कायद्यालाही कळतं. आपल्या कॉमेंटबहाद्दरांना तेवढं कळत नाही.

बरं, टेप करणाऱ्याचे आभार का मानायचे? वुडी गथ्रीचं उदाहरण पुरेसं आहे. अमेरिकन लोकसंगीताचा हा बाप माणूस. डिलनचा गुरू म्हणा. त्याची स्टुडिओतली रेकॉर्डिंगं आहेत, पण प्रेक्षकांसमोर बसून, गप्पा मारत, गोष्टी सांगत गाणारा वुडी ऐकायचा तर कुठे? १९४९ मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्कला त्याचा एक कार्यक्रम झाला, तो एका विद्यार्थ्याने तारेवर रेकॉर्ड केला. हो, तारेवर. टेपच्या आधी केसाएवढ्या बारीक पोलादी तारेवर आवाज साठवायची यंत्रं होती. ती तार पन्नासएक वर्षं घरात पडून राहिली. २००१ मध्ये ती गथ्रीच्या संग्रहालयाकडे पोचली. गुंता सोडवत, तुटलेली जोडत त्यातून आवाज काढला गेला. २००७ मध्ये अल्बम आला आणि २००८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ऐतिहासिक अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

आता जरा थांबून उलटा विचार करा. घर बदलताना ती तार कोणी भंगारात टाकली असती तर? किंवा त्या माणसाने म्हटलं असतं, "माझी आहे, मी कोणाला का देऊ?"

इथे मी तिसऱ्या माणसाकडे येतो.

कॅसेटच्या काळात बूटलेग जमवणाऱ्यांची एक सुंदर रीत होती. नवीन माणसाकडे बदल्यात द्यायला काही नसेल, तर त्याने कोरी कॅसेट आणि पोस्टाचा खर्च पाठवायचा, जुन्याने कॉपी करून परत पाठवायची. फायदा घ्यायचा नाही. पण एक अडचण होती. कॉपीची कॉपी केली की दर वेळी खरखर वाढते. त्यामुळे मूळ टेपच्या जवळची कॉपी ज्याच्याकडे, तो राजा. आणि राजा झाला की माणूस बिघडतो. "माझ्याकडे आहे. तुझ्याकडे बदल्यात काय आहे? काही नाही? मग चालू पड." काहींनी तर मुद्दाम काही मिनिटं कापून कॉपी द्यायची, म्हणजे पूर्ण टेप फक्त आपल्याकडे राहील.

आज हे कारणही उरलेलं नाही. फ्लॅक फाइलची हजारावी कॉपी पहिल्या कॉपीइतकीच स्वच्छ असते. तरीही टेपा कपाटात. का? फक्त "माझ्याकडे आहे" म्हणता यावं म्हणून. धनावर बसलेला नाग ते धन खातही नाही आणि खाऊही देत नाही. त्याच्यात आणि १०० प्रती काढणाऱ्या कंपनीत मला फरक दिसत नाही. उलट कंपनीला निदान भागधारकांना उत्तर द्यायचं असतं. याचं कोण भागधारक?

आणि टेप वाट बघत नाही. १९७०-८० च्या दशकांतल्या कित्येक टेपांवरचा चिकट थर हवेतला ओलावा शोषून घेतो आणि टेप मशीनला चिकटायला लागते. मग ती मंद आचेवर तासन्‌तास तापवून, तेवढ्यापुरती सुकवून, घाईघाईत कॉपी करावी लागते. हे अमेरिकेतल्या कोरड्या हवेत होतं. मुंबईच्या, कोकणाच्या, गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात, गोदरेजच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी काय होत असेल? बुरशी कोणाचा कॉपीराइट बघत नाही.

"हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध?" असं म्हणाल तर ऐका.

१९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी रेकॉर्ड केली. अधिकृतपणे ती आली २०१५ मध्ये, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत. मधली ४३ वर्षं? बूटलेग. आपल्या मुंबईच्या वादकांनी झेपेलिनबरोबर काय वाजवलं हे जगाला चार दशकं ठाऊक होतं ते फक्त या 'चोरां'मुळे.

धोबी तलावच्या रंगभवनात १९८० मध्ये द पोलीस वाजवून गेले. पुढे तिथेच वर्षानुवर्षं इंडिपेंडन्स रॉक झालं. आवाजाच्या नियमांमुळे ते मैदान शांत झालं. तिथल्या रात्री आज कुठे आहेत? कोणाच्या तरी माळ्यावरच्या कॅसेटमध्ये असतील तर आहेत. नाहीतर नाहीत.

आणि रॉक सोडा. दिवाणखान्यातल्या मैफली, गणेशोत्सवातले कार्यक्रम, समोर ठेवलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर, हे आपल्याच घरांतलं चित्र. महाराष्ट्रात रसिकांनी जमवलेल्या खासगी मैफलींच्या टेपा हा आपलाच बूटलेगचा खजिना आहे, फक्त आपण त्याला तो शब्द लावत नाही. ज्यांनी खुल्या हाताने वाटलं अशा रसिकांचे उपकार मोठे. पण "ऐकवतो, कॉपी देणार नाही" म्हणणारेही तितकेच. ते गेले की मुलं घर रिकामं करतात, आणि खोकं किलोच्या भावाने जातं.

कायद्याची भीती घालणाऱ्यांना सांगा, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क देतं, आणि लगेच पुढचं कलम ३९ सांगतं की स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग हा त्या हक्काचा भंग नाही. रचनेचे हक्क वेगळे, आणि जाहीरपणे वाटणं वेगळं, तिथे परवानगी लागते. पण जपायला कायदा आडवा येत नाही. आडवा येतो तो आपला आळस आणि हावरटपणा.

मग करायचं काय?

१. ज्याच्याकडे टेपा आहेत त्याने आधी खोक्यावर लिहा: कोण, कुठे, कधी, साथीला कोण. निनावी टेप म्हणजे अर्धी मेलेली टेप.

२. या पावसाळ्याआधी डिजिटल करून घ्या. एमपीथ्री नको, आवाज न कापणारी फाइल करा. एक प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवा.

३. कलाकार किंवा त्याचे वारस हयात असतील तर पहिली प्रत त्यांना द्या. न मागता द्या. बहुतेक ठिकाणी भांडण सुरू व्हायच्या आधीच संपेल.

४. संस्थेकडे सोपवायचं असेल तर सोय आहे. गुरुग्रामचं एआरसीई हे संग्रहालय १९८२ पासून अशा खासगी संग्रहांचंही काम करतं, आणि कोणी काय ऐकायचं याच्या अटी देणाऱ्याला घालता येतात.

५. विकू नका. एक रुपयालाही नाही. विकलं त्या दिवशी समोरचा 'चोर' म्हणाला तर त्याचं बरोबर असेल.

आणि कलाकारांना, आयोजकांना एक विनंती. दारात मोबाइल जप्त करण्यापेक्षा डेडसारखा साधा नियम लावून बघा. आजचा कार्यक्रम नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, लोक ऐकतात. पण सांगायचं नाही, स्वतः टेप करायचं नाही, केलं तर जपायचं नाही, आणि २५ वर्षांनी "कोणाकडे आहे का हो ती मैफल?" असं विचारत फिरायचं, हे बंद करा.

कोणाच्या घरी काही पडलं असेल तर खाली लिहा. काय आहे एवढंच लिहिलंत तरी चालेल. डिजिटल कसं करायचं, कोणाशी बोलायचं, यात मदत करणारे इथे बरेच आहेत.

"चोरी, विषय संपला" लिहिणाऱ्यांनीही जरूर लिहा. फक्त त्याआधी एक काम करा. डिलनची मँचेस्टरची मैफल ऐकली असेल तर ती ३२ वर्षं कोणी सांभाळली, ते स्वतःला विचारून या.